कलम सातमधली दुरुस्ती

माझ्या कॉम्प्युटरमध्ये एक करार आहे,
त्यात फक्त नावं बदलतात.
परवाना देणार, परवाना घेणार,
अकरा महिने, अनामत तीस हजार,
भिंतीला खिळा मारायचा नाही,
जागा जशी घेतली तशीच परत द्यायची.
राजवाडा चौकातल्या या टपरीत
बावीस वर्षांत तो कोणी पूर्ण वाचला नाही.

रेहाना मुजावरनं वाचला.
फॉल-पिको करणारी बाई.
शिवणीवरून फिरवावं तसं ओळीओळीवरून बोट फिरवत
सातव्या कलमावर थांबली.
‘जशी घेतली तशीच म्हंजे?
पुरानंतर पण तशीच?’

गाळा कर्नाळ रोडचा. वर मगदूमअण्णा एकटे.
हळदीच्या अडतीवर जन्मभर दिवाणजी,
आता कानाचं यंत्र आहे, पण ते खिशात.
म्हणाले, ‘पूर काय मी आणतो?’
‘मग मी आणते का?’
मी म्हटलं, भांडू नका, दुरुस्ती सांगा.
दुरुस्ती टाइप करता येते.

मग घासाघीस सुरू झाली,
रुपयांत नाही, फुटांत.
भाडं थांबायचं कधी?
ती म्हणाली, आयर्विनला पस्तीस.
‘पस्तीसला तर पुलावर नुसती बघ्यांची गर्दी,
कणसं भाजत्यात लोकं. पंचेचाळीस.’
‘पंचेचाळीसला माझी मशीन पवत असंल, अण्णा.’
‘त्रेचाळीस.’
‘सदतीस.’
अण्णांचा हात नकळत टॉवेलाखाली गेला,
जुन्या सौद्यात बोटं दाबायचे तसा.
तिला ती भाषा येत नव्हती.
बाहेर मार्चचं ऊन. नदीत म्हशी बसलेल्या.

चाळीसवर तुटलं.
मी लिहिलं: आयर्विन पुलाजवळ पाणीपातळी
चाळीस फूट झाल्यापासून
जागेतील गाळ निघेपर्यंत भाडे आकारू नये.
गाळ कोणी काढायचा?
दोघांनी, अर्धा अर्धा.
अर्धा गाळ कसा मोजतात, मी विचारलं नाही.

प्रिंट देणार तोच अण्णा म्हणाले, थांब.
माझंबी एक घाल.
एकोणीस साली खालचा भाडेकरू रातोरात गेला.
मी वर झोपलेलो.
पहाटे जिना उतराय लागलो,
सातव्या पायरीवर पाय भिजला.
त्यानं हाक मारली बी असंल,
मी कसं सांगू.
हिनं जाताना मला उठवायचं. ते लिव.

असं कलम माझ्याकडं नव्हतं.
शब्द जुळवत बसलो:
परवाना घेणाऱ्याने जागा सोडतेवेळी
परवाना देणाऱ्यास हाक मारावी.
रेहानानं स्क्रीनवर वाकून वाचलं.
‘हाकंनं काय हुतंय? कडी वाजवावी, घाला.’
घातलं.
‘किती वेळ?’ मी विचारलं.
करारात मुदत लागते.
अण्णा रस्त्याकडं बघत होते,
त्यांना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं.
ती म्हणाली, ‘उठेपर्यंत.’
मी लिहिलं, उठेपर्यंत.

अंगठ्याचं मशीन दोघांनाही घेईना.
त्यांच्या रेषा नोटा मोजून गेलेल्या,
तिच्या सुईनं.
पुसून, फुंकर मारून, चौथ्या खेपेला लागले.

मग मी सांगितलं,
दुरुस्तीचे शंभर वेगळे पडतील.
अण्णांना हे लगेच ऐकू आलं.
‘दुरुस्ती हिनं काढली.’
‘निम्मी तुमची हाय की.’
माझा चहा निवला,
ते अजून साठ-चाळीसवर होते.